सव्वा इंचीचे आटे

आमच्या गल्लीतल्या हापशाचे पाइप वर काढायचे असले की त्या दिवशी मी शाळेतून घरी न जाता थेट तिकडंच जायचो. गाव धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं, खडक काळा, उन्हाळा लांब. बोअरवर तिपाई उभी असायची, तिच्या शेंड्याला साखळी, खाली तोंडाशी दोन क्लॅम्प. तीन मीटरचा एक पाइप वर आला की खालच्याला क्लॅम्प आवळायचा, वरचा दोन पान्यांनी सोडवायचा आणि दोघांनी खांद्यावर घेऊन लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवायचा. असे दहा-बारा पाइप ओळीनं मांडले जात. अंगानं गंजलेले, गाळ धरलेले. मिस्त्री त्यांच्या अंगाकडं फारसं बघत नसत, ते टोक बघत. तारेच्या ब्रशनं टोक घासायचे, चिंधीनं पुसायचे आणि उन्हात धरून हळूहळू फिरवायचे. गंजाखालून एकमेकींना लागून फिरत गेलेल्या रेघा वर यायच्या.

पाइप परत खाली सोडताना एखादा पोरगा घाईघाईनं पाना उचलायचा. मिस्त्री त्याला थांबवायचे. "आरं, पाना कशाला उचलायलास? आधी हातानं जाईल तेवढं जाऊ दे. कुठं थांबायचं ते त्याचं त्याला कळतंय."

लोखंडाच्या नळीला कुठं थांबायचं ते कळतं, हे मला तेव्हा मिस्त्रींच्या बोलण्याची ढब वाटली. ते अगदी शब्दशः खरं आहे, हे कळायला मला आयटीआयची दोन वर्षं आणि त्यानंतरचे बरेच हंगाम लागले. इथं मी रसग्रहण करतो आहे ते त्या टोकाचं. सव्वा इंची जीआय पाइपाच्या टोकावरचे सुमारे एकोणीस मिलिमीटर, बस्स.

आधी ते डोळ्यांनी बघू. एका इंचात अकरा आटे. म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत २.३०९ मिलिमीटर. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश. माथा धारदार नाही, गोल आहे. दरीही तशीच गोल. बोटाचं नख फिरवलं तर ते कुठं अडत नाही, खालीवर होत निघून जातं. आट्याची खोली जेमतेम दीड मिलिमीटर. एवढं सगळ्यांना दिसतं. जे चटकन दिसत नाही ते असं की ही नळी टोकाकडं निमुळती होत जाते. सोळा मिलिमीटर पुढं गेलं की व्यास एक मिलिमीटरनं कमी. आपल्याकडचे जुने फिटर हेच सुतात सांगतात: फुटाला सहा सूत. आठ सुतांचा इंच, बारा इंचांचा फूट. हिशेब चोख जुळतो. एका बाजूचा कल मोजला तर पावणेदोन अंशांपेक्षा थोडासाच जास्त. आटे नसलेल्या नळीवर तो कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पण सगळी कविता या पावणेदोन अंशांत आहे. सरळ आट्यांचा बोल्ट नटात शेवटपर्यंत सैल फिरतो. डोकं टेकलं की मगच आवळतो. त्याला थांबवणारं जे काही असतं ते आट्यांच्या बाहेर असतं. निमुळता आटा मात्र आतूनच थांबतो. सव्वा इंची पाइप सॉकेटात हातानं फिरवा. साधारण साडेपाच फेरे तो स्वतःहून जातो, मग बोटांना विरोध जाणवू लागतो. तिथून पुढं पान्याचे पावणेतीन फेरे ठेवलेले आहेत. मानकात ही लांबी स्वतंत्र दिलेली असते: हातानं बसण्याची १२.७ मिलिमीटर, पान्यासाठी ६.४, मिळून १९.१. पान्याच्या प्रत्येक फेऱ्याला पाचर ०.१४ मिलिमीटरनं अधिक घट्ट होते. पावणेतीन फेऱ्यांत ०.४. केसाच्या काही पट एवढ्या अंतरात लोखंड लोखंडाला कवळतं आणि पाणी अडतं. मिस्त्रींचा 'त्याचं त्याला कळतंय' हा शेरा म्हणजे हे साडेपाच आणि पावणेतीन.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला आट्यांची नर-मादी भाषा शिकवावी लागत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बांधलेला बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि नदी भरली की त्या बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. फिटिंगच्या दुकानातही तेच शब्द. बाहेरून आटे असलेला तो नर, आतून आटे असलेली ती मादी. मला हे दोन शब्द एकाच जिल्ह्यात पाण्याच्या दोन टोकांना भेटले याचा आनंद आजही होतो: एकीकडं सतराव्या शतकाचा दगड, दुसरीकडं सव्वा इंची सॉकेट.

आता या आट्याचं घराणं. जोसेफ व्हिटवर्थ नावाचा मँचेस्टरचा यंत्रकार होता. त्यानं इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले आणि त्यांच्या सरासरीतून १८४१ मध्ये एकसारख्या आट्यांची पद्धत मांडली. ५५ अंश तिथून आले. म्हणजे हा कोन कोणी कागदावर भूमितीनं शोधलेला नाही. कारागिरांच्या हातांची ती सरासरी आहे. पुढं हाच आटा गॅसच्या नळ्यांवर आला. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तो हाच काळ. युरोपातल्या काही देशांत पाइपाच्या आट्याला अजूनही 'गॅस'च म्हणतात. या आट्याला आपण बीएसपी म्हणतो. निमुळता असेल तर बीएसपीटी. आंतरराष्ट्रीय मानकात तो आयएसओ ७, आपल्या भारतीय मानकात आयएस ५५४. नळीवर किंवा फिटिंगवर आर लिहिलं असेल तर निमुळता नर, आरसी असेल तर निमुळती मादी, आरपी असेल तर सरळ मादी. होय, या घराण्यात निमुळता नर सरळ मादीत बसलेला चालतो. मानक त्याला परवानगी देतं. जी लिहिलं असेल तर ते वेगळंच काम. तो दोन्हीकडून सरळ आटा, आयएस २६४३ मधला, आणि तिथं पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर किंवा बैठक अडवते. युनियनचा मोठा नट उघडून बघा, त्याचे आटे सरळ असतात. त्याचं काम फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरणं.

दुसरं घराणं अमेरिकेतलं. रॉबर्ट ब्रिग्ज फिलाडेल्फियाच्या एका पाइप कारखान्यात अधीक्षक होता. वाफेनं घरं गरम ठेवण्याच्या अमेरिकन पद्धतीवरचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत वाचला गेला. त्यात त्यानं पाइपाच्या आट्याची मापं बारकाईनं दिली होती. १८८६ मध्ये तिथल्या पाइप उत्पादकांनी आणि यंत्र अभियंत्यांच्या संस्थेनं ती स्वीकारली. आज आपण ज्याला एनपीटी म्हणतो तो हा आटा. थंड देशातल्या घरांमध्ये वाफ खेळवण्यासाठी जन्मलेला. कोन ६० अंश. माथे छाटलेले, सपाट. आमच्या बालाघाटाचे डोंगर बघितलेल्या माणसाला एनपीटीचा आटा एकदा भिंगाखाली दाखवला की पुढं कधी विसरणार नाही: तसाच वर सपाट माथा, बाजूला सरळ उतरलेली कड. आणि बीएसपी म्हणजे लाट, गोल वर, गोल खाली.

या दोन आकारांत मी कोणाच्या बाजूनं आहे ते सांगून टाकतो. ६० अंशांचा सपाट आटा करायला सोपा, मोजायला सोपा. हत्यार झिजलं तरी त्याचा आकार तपासता येतो. कारखान्याच्या दृष्टीनं तो शहाणा आटा आहे. पण हापशासारख्या, दिवसातून हजारो वेळा झटके खाणाऱ्या कामाला मला गोल आटा जास्त भावतो. तडा नेहमी कोपऱ्यातून निघतो आणि गोल दरीला कोपरा नसतो.

निमुळतेपणा मात्र दोघांचा एकच. तिकडंही सोळाला एक, फुटाला सहा सूत. समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन पद्धती, कोन वेगळे, माथे वेगळे, आणि कल तेवढा समान. घोटाळ्याचं मूळ याच समानतेत आहे.

आट्यांची संख्या बघा. पाव इंचीला इकडं इंचात एकोणीस, तिकडं अठरा. एक इंचीपासून दोन इंचीपर्यंत इकडं अकरा, तिकडं साडेअकरा. अडीच इंचीपासून पुढं तिकडं एकदम आठ, इकडं मात्र शेवटपर्यंत अकराच. एक इंची एनपीटी निप्पल बीएसपी सॉकेटात घातला तर प्रत्येक आट्यामागं ०.१ मिलिमीटरची चूक साठत जाते. तीन-चार फेऱ्यांत तो अडकतो आणि हाताला कळतं की काहीतरी बिघडलं आहे. ही प्रामाणिक विसंगती झाली. तिची मला भीती वाटत नाही.

भीती अर्धा इंचीची. तिथं दोन्हीकडं इंचात चौदा आटे. आटे जिथं हातानं थांबतात तिथला मधला व्यास, म्हणजे उताराच्या अर्ध्यावरचा, बीएसपीटीचा १९.७९ मिलिमीटर, एनपीटीचा १९.७७. फरक दोन शतांश मिलिमीटर. हातानं बसण्याची लांबी इकडं ८.२, तिकडं ८.१. दोघंही हातानं साडेचार फेरे जातात. कल समान. जगातल्या दोन वेगळ्या घराण्यांमधलं इतकं साम्य मी दुसऱ्या कोणत्या वस्तूत पाहिलेलं नाही. बोटांना ते सूत जुळल्यासारखंच वाटतं. फक्त कोन वेगळे आहेत आणि माथे. ६० अंशांची कड ५५ अंशांच्या दरीत उतरते तेव्हा उतार उतारावर टेकत नाही. दरीच्या तोंडाशी दोन रेघांवर ती टेकते आणि खाली तळाशी एक बारीक पोकळी राहून जाते. ती पोकळी आट्याबरोबर फिरत जाते. साडेचार फेरे उलगडून सरळ केले तर पाव मीटरहून लांब वाट होते ती. पाण्याला एवढं पुरतं.

ही वाट मी पहिल्यांदा पाहिली ती एका साखर कारखान्यात. आयटीआय फिटर होऊन हंगामी कामाला लागलो होतो. गाळप चालू, रात्रपाळी, रसाच्या पंपाच्या लायनीवरचं प्रेशर गेज बदलायचं होतं. भांडारातून नवीन गेज आलं, चिठ्ठीवर लिहिलेलं 'अर्धा इंची'. लायनीवरचं सॉकेटही अर्धा इंचीच. मी गेज हातानं बसवलं, चार-साडेचार फेरे लोण्यासारखं गेलं. मनातल्या मनात मिस्त्रींना नमस्कार केला. पान्यानं दोन फेरे दिले. पंप सुरू झाला आणि दांड्याच्या मुळाशी एक थेंब जमला. पुसला, परत जमला. उघडलं, टेपचे वेढे वाढवले, बसवलं. अर्धा तास कोरडं राहिलं, मग परत गोड चिकट थेंब. मुकादम म्हणाले, अजून टेप गुंडाळ. मी गुंडाळली. तिसऱ्या वेळेला टेप चिरडून आट्याबाहेर आली, पांढऱ्या शेवयांसारखी.

पाळी बदलताना आलेल्या म्हाताऱ्या फिटरनं गेज हातात घेतलं, चष्मा वर केला आणि दांड्याच्या षटकोनावरची अक्षरं वाचली. अर्धा एनपीटी. मग खिशातून आटे मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा काढला. ५५ ची पट्टी आट्यावर धरली आणि गेज बल्बसमोर नेलं. दातांच्या दोन्ही बाजूंनी उजेडाच्या बारीक पाचरी दिसत होत्या. मग ६० ची धरली. उजेड बंद. "हे बघ," एवढंच म्हणाले ते. एका बाजूला एनपीटी आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी असलेला छोटा अडॉप्टर बसवला आणि थेंब थांबला. पुढं वाफेच्या लायनीवर काम करताना मला त्या रात्रीची आठवण अनेकदा झाली. रसाच्या थेंबानं फरशी चिकट होते. वाफेची गोष्ट वेगळी असते, तिथं अशी चूक माणसाच्या अंगावर येते.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुस्तकं सांगतात, शंका आली तर इंचात आटे मोजा. पण पाइपाच्या टोकावर आटे असतातच जेमतेम अर्धा-पाऊण इंच. अकरा आणि साडेअकरा यांतला फरक तेवढ्या लांबीत डोळ्यांनी मोजणं अवघड, आणि अर्धा-पाऊण इंचीला तर संख्या सारखीच. म्हणून पट्टी आणि उजेड. हा आटा वाचायचा म्हणजे त्याच्या आरपार बघायचं.

पाण्याची वाट फक्त चुकीच्या जोडीत असते असं नाही. योग्य जोडीतही माथा आणि दरी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच, कारण दोन्ही तुकडे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या डायनं कापलेले असतात. अमेरिकनांनी यावर एनपीटीएफ नावाचा कोरडा आटा काढला. त्यात माथे दरीत चिरडून बसतात आणि लेपाशिवाय जोड बंद होतो. इंधनाच्या आणि तेलाच्या लायनींना तो शोभतो. आपल्याकडं चालत आलं ते सूत. तागाचं सूत, त्यावर सफेदा. मराठीत हा शब्द किती ठिकाणी कामाला येतो! इंचाचा आठवा हिस्सा सूत, आट्यावर गुंडाळायचं तेही सूत. सूत आट्याच्या दिशेनंच गुंडाळायचं, म्हणजे आवळताना ते उलगडत नाही, आत ओढलं जातं. पहिला आटा उघडा ठेवायचा, त्याला वाट शोधू द्यायची. ताग पाण्यानं फुगतो आणि फट भरत जातो. जोड पहिल्या दिवशी किंचित पाझरतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा होतो. टेप असं करत नाही. ती निसरडी आहे, पाना सहज फिरतो आणि म्हणूनच नवशिका जास्त आवळून बसतो. पितळेची किंवा प्लास्टिकची मादी अशीच फुटते. घरातल्या नळाच्या प्लास्टिकच्या मादी जोडात (एफटीएमध्ये) लोखंडी निमुळता निप्पल बसवणाऱ्यानं तो पाचर ठोकतो आहे हे ध्यानात ठेवलं पाहिजे. अर्ध्या इंचीला प्रत्येक फेऱ्याला व्यास एक दशांश मिलिमीटरनं ताणला जातो. लोखंड ते सोसतं, प्लास्टिक थोडे दिवस सोसून मग उभं चिरतं. आणि जुना सफेदा शिशाचा असायचा. पिण्याच्या पाण्याच्या जोडाला तो लावू नये. सूत चांगलं, सफेदा नको, हे मी प्रत्येक पोराला सांगतो.

आता परत हापशाकडं. कारण या आट्याचा खरा कस तिथं लागतो, आणि हापशाचं कुळ आपल्या शेजारचंच आहे. गावोगावी दिसतो तो इंडिया मार्क २. साठच्या दशकात बोअर वाढू लागले तेव्हा त्यांवर बसवलेले कास्ट आयर्नचे पंप एका कुटुंबासाठी घडवलेल्या जुन्या परदेशी पंपांच्या घाटाचे होते. अख्खं गाव त्यांवर तुटून पडल्यावर ते मोडत. जालन्यात मिशनच्या बोअर खोदण्याच्या कामातून पोलादी जालना पंप निघाला, मग सोलापुरात सुधारलेला सोलापूर पंप. एकच आस, बंद बेअरिंग, दांड्याच्या टोकाला चाप आणि साखळी, आणि बोअरच्या केसिंगवर घट्ट बसून सिमेंटात रुजलेला पाया. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडासच्या मद्रास कारखान्यानं हाच सोलापूर पंप समोर ठेवून इंडिया मार्क २ घडवला. कोइमतूरकडं त्याच्या चाचण्या झाल्या, पुढं आयएस ९३०१ हे मानक झालं. इथून तो आफ्रिकेतल्या गावांपर्यंत गेला. धाराशिवातून दीड-दोन तासांवर असलेल्या सोलापूरचं नाव त्या यंत्राच्या वंशावळीत आहे हे आमच्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

त्या हापशाच्या टाकीच्या तळाला एक कपलिंग वेल्ड केलेलं असतं. पहिला सव्वा इंची पाइप त्यात वर फिरवायचा, मग त्याखाली दुसरा, तिसरा. पंचेचाळीस मीटरवर सिलिंडर असेल तर पंधरा पाइप, एकाखाली एक, फक्त आट्यांवर लोंबकळणारे. खालून त्यांना कसलाच आधार नाही. मध्यम वर्गाचा, निळ्या पट्ट्याचा पाइप मीटरला तीन किलोहून थोडा जास्त भरतो. सगळ्यांचं मिळून १४० किलोच्या आसपास. हे ओझं सगळ्यात वरच्या जोडावर येतं. दांडा दाबला की पाण्याचं ओझं रॉडांवर जातं, सोडला की खालच्या व्हॉल्व्हमधून पाइपांवर. सकाळी घागरींची रांग लागली की त्या जोडाला दर सेकंदाला एक हिसका.

आणि तिथं लोखंड उरलेलं असतं किती? पाइपाची जाडी ३.२ मिलिमीटर. त्यातून दीड मिलिमीटर आट्यानं खाल्लं. इथं मला निमुळत्या आट्याची सगळ्यात सुंदर गोष्ट दिसते आणि ती मी फार उशिरा पाहिली. टोकाशी व्यास कमी, म्हणून तिथं आटा सगळ्यात खोल जातो. भिंत जेमतेम एक मिलिमीटर उरते. पण टोकाला ओझं नसतंच, कारण तोवर मागच्या आट्यांनी ते एक-एक करून सॉकेटाच्या स्वाधीन केलेलं असतं. पूर्ण ओझं असतं ते पाइप सॉकेटाच्या आत शिरतो त्या जागी, आणि तिथं आटा उथळ होत आलेला असतो, भिंत १.७ मिलिमीटरच्या आसपास. जिथं भार जास्त तिथं लोखंड जास्त. पाणी अडवण्यासाठी दिलेला कल न मागता भारही तोलतो. एखाद्या ओवीत नादासाठी घेतलेला शब्द अर्थालाही उचलून धरतो तसं हे आहे.

हापसे मोडतात तेही याच जागी. कापलेल्या आट्यांवर जस्ताचा थर नसतो, उघडं लोखंड असतं. आमच्या काही बोअरचं पाणी खारं, लोखंड खाणारं. दोन-चार वर्षांत आट्याच्या दरीतून गंज आत जातो आणि एके दिवशी दांडा हलका लागतो. पाइप बोअरमध्ये सुटलेला असतो. पुढं आलेल्या इंडिया मार्क ३ मध्ये हा पाइपच अडीच इंची केला, म्हणजे पाइप न काढता आतला दट्ट्या वर ओढता येतो. दुरुस्ती सोपी झाली, गावातल्या माणसांच्या हाती आली. ते फार चांगलं झालं. आताच्या मोटारीच्या बोअरमध्ये यूपीव्हीसीचे कॉलम पाइप असतात, त्यांचे आटे चौकोनी आणि जाड, पाणी अडवायला रबराची रिंग. तेही काम नीट करतात. पण त्यांत भार एकानं धरायचा आणि पाणी दुसऱ्यानं अडवायचं अशी वाटणी आहे. सव्वा इंचीचा आटा दोन्ही कामं एकटा करतो.

डायनं आटे पडताना ऐकण्यासारखे असतात. व्हाइसमध्ये धरलेला पाइप, रॅचेटचा टक्‌टक् आवाज, तेलाचा वास आणि कुरळा होऊन गळणारा कीस. बीएसपीत एक इंचीपासून दोन इंचीपर्यंत अकराच आटे असल्यामुळं डायचे दात एकाच सेटचे चालतात. अर्धा-पाऊणला चौदाचा दुसरा सेट. लहान गावातल्या मिस्त्रीला ही काटकसर मोठी आहे. दात झिजले की मात्र आटा फाटल्यासारखा निघतो, माथे तुटके, दरीत करवतीसारख्या खुणा. असा आटा सुतानं झाकता येतो. दुकानात तो जोडून दिला तर बाहेरून कळत नाही. बोटाचं नख फिरवून बघितलं तर लगेच कळतं.

माझं मागणं एवढंच. ग्रामपंचायतीच्या मागणीपत्रात, कारखान्याच्या चिठ्ठीत, दुकानातल्या यादीत नुसतं 'अर्धा इंची' लिहू नका. बीएसपीटी की एनपीटी, नर की मादी, हे चार शब्द जास्त लिहा. आणि तुमच्या गावातला हापसा पुढच्या वेळी उघडला जाईल तेव्हा तिथं थांबा. सगळ्यात वरच्या पाइपाचं टोक घासून घ्यायला सांगा. निळा पट्टा आहे का बघा, माथे शाबूत आहेत का बघा, नवं सॉकेट हातानं फिरवून बघा. पाच-साडेपाच फेऱ्यांना ते थांबलं नाही आणि सैल पुढं जात राहिलं, तर तो पाइप परत बोअरमध्ये सोडू देऊ नका.